वाटेत टायर बसला तर

आमच्या वाडीवस्त्यांवर पूर्वी घरटी एक सायकल असे. आता बहुतेक दारांत मोटारसायकल उभी असते. दुधाचे कॅन, काजूची पोती, शाळेला निघालेली मुले, माहेरपणाला आलेली लेक, सारी ने-आण तिच्यावरूनच होते. परंतु सायकलच्या काळी प्रत्येक घरी दाराआड उभा असणारा हवेचा पंप मात्र या घाईत कोठे नाहीसा झाला कोण जाणे! पेट्रोलपंपावर हवा मिळते, नाक्यावर पंक्चरवाला बसलेला असतो, मग आपण पंपाचे ओझे कशाला बाळगावे, असे सर्वांस वाटते. आम्हांसही तसेच वाटत असे. ते वाटणे कोणत्या रात्री संपले, हे प्रथम सांगितले पाहिजे, म्हणजे एवढ्याशा वस्तूवर आम्ही इतके लिहीत का बसलो, याचा उलगडा वाचकांस होईल.

सन 2023 चा ऑगस्ट महिना होता. रात्री साडेनऊच्या सुमारास जांबोटीच्या पलीकडील एका वस्तीवरून दूरध्वनी आला. एक वृद्ध माउली अत्यवस्थ होती आणि तिने स्वतः धर्मगुरूंस बोलावण्यास सांगितले होते. रुग्णाभ्यंगाचे तेल व प्रभुभोजन बरोबर घेऊन आम्ही लगेच निघालो. जांबोटीहून कणकुंबीकडे जाणारा रस्ता ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे, त्यांस तेथील काळोखाचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. पाऊस सारखा कोसळत होता. मुख्य रस्ता सोडून आम्ही आत वळलो आणि अर्ध्या तासाने गाडीचे मागचे चाक डुलू लागले. उतरून हात लावून पाहतो तो टायर बसलेला.

आमच्याजवळ पंप नव्हता असे नाही. आमच्या एका भाच्याने आखातातून येताना विजेवर भरून ठेवावयाचा एक सुबक पंप आणून दिला होता. तो आम्ही सीटखाली ठेवीत असू आणि चारचौघांत कौतुकाने दाखवीतही असू. त्या रात्री तो बाहेर काढला, कळ दाबली, पुन्हा दाबली. परंतु दिवा लागला नाही. उपवासकाळात एकदा वीज भरून ठेवलेला तो पंप पाच महिने तसाच पडून होता. यंत्राचा दोष मुळीच नव्हता, दोष आमचा होता. मोबाइलला तेथे संपर्क मिळेना. गाडी एका झाडाखाली लावून आम्ही चालू लागलो.

पावणेदोन तास लागले. घर जवळ आले तेव्हा आतून रोझरीचा आवाज येत होता, आणि तो ज्या सुरात येत होता त्यावरूनच आम्ही काय ते समजलो. माउलीला जाऊन पाव तास झाला होता. तिचा मुलगा पुढे आला, आमचे भिजलेले हात त्याने हातांत घेतले आणि म्हणाला, "फादर, तुम्ही चालत आलात होय? आई सारखी दाराकडे बघत होती हो." तो रागाने बोलला नाही, रागाने बोलला असता तर ऐकणे सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी दोन मुलांच्या मदतीने ती गाडी टेंपोत घालून आम्ही नाक्यावर आणली. पंक्चरवाल्याने ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडविली. बुडबुडा दिसेना. मग एके ठिकाणी, अगदी सावकाश, एकामागून एक बारीक बुडबुडे वर येऊ लागले. टायरच्या आतून त्याने कळकाच्या काट्याचे टोक काढून आमच्या तळहातावर ठेवले. ते तांदळाच्या दाण्याहून मोठे नव्हते. "फादर, हे सावकाश जाणारं पंक्चर," तो म्हणाला. "हवा भरून गाडी मारली असती तर पाच-सहा मैल आरामात गेली असती. मध्ये एकदा थांबून परत हवा मारायची. पोचला असता तुम्ही." त्याने सहज सांगितले, काय घडले होते ते त्याला ठाऊक नव्हते.

त्यानंतर काही महिने आम्ही या विषयाचा जो पाठपुरावा केला, तो एखाद्या सेमिनरीतील विद्यार्थ्याने परीक्षेसाठीही केला नसेल. निरनिराळे पंप मागून आणले, विकत घेतले, पंक्चरवाल्यांशी बोललो, थोडे गणितही केले. त्यातून हाती आलेले येथे देत आहोत.

पंप विकत घेण्यापूर्वी आपल्या गाडीचा टायर ट्यूबचा आहे की ट्यूबलेस, हे प्रत्येकाने जाऊन पाहावे. तारांची चाके असल्यास आत बहुधा ट्यूब असते. परंतु अलॉयची चाके म्हणजे ट्यूबलेस टायर, हा समज खरा नाही. अलॉय चाकांच्या कित्येक गाड्यांतही ट्यूब असते. टायरच्या कडेवर इंग्रजी अक्षरांत तसे छापलेले असते, ते वाचावे. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर तो उपटण्याची घाई करू नये. खिळा स्वतःच भोकास बुचासारखा बसलेला असतो आणि हवा हळूहळू जाते. अशा वेळी पंपाने हवा भरून सावकाश दुकान गाठता येते. भोक बुजविण्याच्या चिकट पट्ट्या, त्या आत सारण्याची सळई व टोच्या एवढे साहित्य जवळ असेल तर जागेवरच काम होते, मात्र टायरच्या कडेला पडलेले भोक असे बुजवू नये. ट्यूबच्या टायरची गोष्ट निराळी. तेथे काटा काढल्याने काही साधत नाही, चाक उतरवून ट्यूब काढावी लागते आणि ते काम रानात रात्री सर्वांस जमण्यासारखे नाही. तरीही भोक लहान असेल तर नुसता पंपही मोठे काम करतो. हे आम्ही वर सांगितलेच आहे. भोक मोठे असेल, हवा भरता भरताच निघून जात असेल, तर पंप बाजूला ठेवावा व मदत मागावी. रिकाम्या टायरवर गाडी हाकली तर ट्यूबची व्हॉल्व्हपाशी चिरफाड होते, टायर आतून झिजतो आणि गाडी केव्हा घसरेल याचा नेम राहत नाही.

आता पंपांकडे वळू. बाजारात पाहू गेल्यास चार-पाच जाती आढळतात: सायकलवाल्यांचा लहानसा हाताचा पंप, पायाने दाबावयाचा पंप, गाडीच्या बॅटरीवर चालणारा, स्वतःची बॅटरी असलेला, आणि वायूची छोटी कुपी. दुकानदार प्रत्येकाची स्तुती करतो व खोक्यावरचा एक आकडा दाखवितो: "दीडशे पौंड दाब!" या आकड्यास वाचकांनी भुलू नये. मोटारसायकलच्या टायरला दीडशे पौंडांची गरज कधीच पडत नाही. नेहमीच्या वापराच्या गाड्यांत पुढे सुमारे 25 आणि मागे 28 ते 33 पौंड हवा लागते. मागे माणूस बसला तर काही गाड्यांस त्याहून अधिक. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत किंवा साखळीच्या आवरणावरील चिठ्ठीवर दिलेला असतो. तेव्हा किती जोराने हवा भरते हा प्रश्न गौण आहे. एका दमात किती हवा भरते, हा खरा प्रश्न होय.

येथे थोडे गणित करू. शाळेतील मुलांनी ते पडताळून पाहावे. रॉबर्ट बॉइलने 1662 साली जो नियम मांडला आणि जो आजही विज्ञानाच्या पुस्तकांत शिकवितात, तो असा की तापमान तेच ठेवून हवेचे आकारमान निम्मे केले तर तिचा दाब दुप्पट होतो. लहान मोटारसायकलच्या अरुंद टायरमध्ये साधारण 6 लिटर जागा असते. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब दर चौरस इंचास 14.7 पौंड असतो आणि तेवढी हवा बसलेल्या टायरमध्येही असतेच. तिच्यावर 28 पौंड चढवावयाचे म्हणजे आणखी सुमारे साडेअकरा लिटर बाहेरची हवा आत कोंबावी लागते. सायकलच्या खिशातल्या पंपाच्या नळीचा आतील व्यास 2 सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव 15 सेंटिमीटर धरली, तर एका वेळी 47 घन सेंटिमीटर हवा जाते. भागाकार केला की उत्तर अडीचशेच्या आसपास येते, आणि एकही कण वाया गेला नाही असे धरून! बुलेटसारख्या जाड टायरच्या गाडीस मागे 15 लिटरांहून अधिक जागा असते; तिला हाच पंप सातशे वेळा मारावा लागेल. याउलट पायपंपाचे नळकांडे 5 सेंटिमीटर रुंद असते. त्याच्या 12 सेंटिमीटरांच्या एका दाबात 235 घन सेंटिमीटर हवा जाते, आणि लहान गाडीचे काम पन्नास दाबांत व्हावयास पाहिजे.

रुंद नळकांडे इतके चांगले, तर हाताच्या पंपाचेही तसेच का करीत नाहीत, असा प्रश्न एका मुलाने आम्हांस विचारला. प्रश्न उत्तम आहे. टायरमध्ये 28 पौंड हवा झाली की 5 सेंटिमीटरच्या दट्ट्यावर उलट बाजूने जवळजवळ 39 किलोचा रेटा येतो. इतका रेटा दंडाने पन्नास वेळा कोण सोसेल? पायाखाली तो सोसतो, कारण तेथे आपल्या देहाचे वजन कामास येते. अरुंद दट्ट्यावर तोच रेटा फक्त 6 किलोचा असतो. म्हणून हाताचा पंप अरुंद आणि पायाचा रुंद. ज्यांचे वजन कमी आहे अशा बहिणींनी व मुलांनी पायपंप घेताना त्याच्या पाडणीची लांबी पाहावी. पाडणी लांब असली म्हणजे जोर कमी लागतो.

गणितावर विश्वास ठेवावयाचा आमचा स्वभाव असला, तरी एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणात आम्ही प्रत्यक्ष परीक्षा घेतली. आमच्या गाडीच्या मागच्या चाकातील हवा पूर्ण सोडून दिली आणि वेदीसेवक मुलांस तीन पंप दिले. सायकलचा पंप आळीपाळीने चार मुलांनी मारला. 340 वेळा मारून काटा 25 वर आला, पंपाचा बुडखा हात लावू नये इतका तापला आणि मुले गवतावर आडवी झाली. पायपंपाने एका मुलाने 68 दाबांत 28 पौंड गाठले. मोजणी चुकल्याची तक्रार झाली, म्हणून पुन्हा मोजले, 66 आले. भाच्याच्या विजेच्या पंपाने, अर्थात आदल्या रात्री वीज भरून ठेवलेल्या, तीन मिनिटांत काम करून आपोआप थांबून दाखविले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. आम्ही वाजविल्या नाहीत.

वायूच्या कुपीविषयी फार लिहीत नाही. 16 ग्रॅमची एक कुपी लहान टायर एकदा वीस-बावीस पौंडांपर्यंत भरते, बुलेटच्या मागच्या टायरला तीन-चार कुप्या लागतात, आणि एकदा फुटलेली कुपी पुन्हा उपयोगाची नाही. तीतला कार्बन डाय-ऑक्साइड रबरातून हवेपेक्षा लवकर निघून जातो, तो भाग वेगळाच. शर्यती करणाऱ्यांस ती लखलाभ असो.

गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या पंपात एक फसगत आहे. हे पंप मूळचे मोटारगाड्यांसाठी केलेले असतात व सुमारे 10 अँपिअर प्रवाह ओढतात. आपल्या लहान मोटारसायकलींची बॅटरी 3 किंवा 4 अँपिअर-तासांचीच असते. इंजिन बंद ठेवून पंप चालविला तर टायरमध्ये हवा येईल, पण बॅटरी उतरून गाडी सुरू होणार नाही, आणि आजकाल पुष्कळ गाड्यांना किकच नसते. हँडलपाशी मोबाइलसाठी जी खाच असते, तीवर हा पंप चालेल असेही कोणी समजू नये. तेथून मिळणारी वीज त्याला कोठेच पुरत नाही. ज्यांची गाडी मोठी आहे, बॅटरी दणकट आहे, आणि ज्यांनी जाणत्या मिस्त्रीकडून बॅटरीपासून फ्यूजसह वेगळी तार काढून घेतली आहे, त्यांनी इंजिन चालू ठेवून खुशाल वापरावा.

स्वतःची बॅटरी असलेल्या पंपाची निंदा करावी असा आमचा हेतू नाही. तो अर्धा किलोच्या आसपास भरतो, हवेचा आकडा आधी लावून ठेवता येतो, काळोखात त्याचा दिवा उपयोगी पडतो, आणि गुडघे दुखणाऱ्या वयस्क माणसास त्याच्यासारखा सोबती नाही. रोज बाजारपेठेत जाणाऱ्याने, शहरात नोकरी करणाऱ्या मुलीने तो अवश्य घ्यावा. किंमत साधारण दीड ते तीन हजारांपर्यंत पडते. पण तो सीटखाली ठेवून विसरू नये. उन्हात तापलेल्या सीटखालची उष्णता त्याच्या बॅटरीस मानवत नाही आणि न वापरताही साठलेली वीज हळूहळू कमी होते. पावसाचे पाणीही त्याला चालत नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. घरातील माउलीने दिनदर्शिकेवर गॅसच्या टाकीची तारीख लिहिताना दर दोन महिन्यांनी पंपात वीज भरण्याचीही तारीख लिहावी. आमच्या घरी दिनदर्शिकेवर लिहिणारे कोणी नव्हते, ही सबब आम्ही स्वतःशी पुष्कळ दिवस सांगत होतो.

आम्ही शेवटी पायपंप घेतला. एका नळकांड्याचा, सव्वा किलो वजनाचा. दोन नळकांड्यांचा पंप काम लवकर करतो, परंतु तो गाडीवर बांधून हिंडण्याच्या सोयीचा नाही. घेताना पाहण्याच्या गोष्टी दुकानदार सांगत नाही, त्या अशा. बैठक पत्र्याची व रुंद असावी. अरुंद बैठकीचा पंप चिखलात रुततो व कलंडतो, म्हणून आम्ही नेहमी सपाट दगड शोधून त्यावर ठेवतो. नळी हातात घेऊन वाकवून पाहावी. आमच्या पहिल्या पायपंपाची नळी वर्षभरात टोकाशी चिरली, म्हणून हे आवर्जून सांगतो. व्हॉल्व्हवर बसणारे तोंड प्लॅस्टिकच्या खिट्टीचे असण्यापेक्षा पितळेचे, आट्यांनी फिरवून बसणारे असावे. मोटारसायकलच्या चाकात एका बाजूस दातेरी चक्र, दुसऱ्या बाजूस ब्रेकची तबकडी आणि मध्ये तारा. तेथे जाड तोंडाची खिट्टी शिरतच नाही, आणि ही गोष्ट रात्री कळून उपयोग नाही. आट्यांचे तोंड काढताना थोडी हवा फुसकन जाते. ती जमेस धरून दोन पौंड जास्त भरावी.

घरातल्या सायकलचा जुना पंप मोटारसायकलला चालेल काय, असे पुष्कळ जण विचारतात. बहुधा नाही. आपल्या जुन्या सायकलींच्या ट्यूबला वुड्स जातीचा व्हॉल्व्ह असतो, ज्यात रबराची बारीक नळी घालावी लागते. ती घालण्याचे काम आमच्या पिढीतील प्रत्येक मुलाने केले आहे. मोटारसायकलला असतो तो श्रेडर जातीचा, मध्ये दाबली जाणारी पिन असलेला. ती पिन दाबणारे तोंड पंपास नसेल तर कितीही दम लावला तरी हवा आत जाणार नाही. जोडणारे पितळी तुकडे मिळतात, दहा-वीस रुपयांचे काम आहे.

पंपावरील काट्यावर फार विश्वास नको. तो चार-पाच पौंडांनी चुकलेला आम्ही पाहिला आहे. पेन्सिलीच्या आकाराचे दाबमापक स्वतंत्र घ्यावे आणि सकाळी गाडी थंड असताना मोजावे, कारण चालून तापलेल्या टायरमधील दाब वाढलेला असतो. दट्ट्यास चामड्याचा वॉशर असेल तर वर्षातून दोनदा तेलाचे दोन थेंब सोडावेत. आणि पंप विकत आणल्यावर पहिल्याच आठवड्यात घरच्या अंगणात एकदा चाक पूर्ण रिकामे करून भरून पाहावे. बायकोने, मुलानेही भरून पाहावे. प्रसंग कोणावर येईल हे आधी ठरलेले नसते.

त्या माउलीच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेस आम्ही 2024 साली त्याच वाटेने गेलो. पंप मागच्या कॅरिअरवर रबरी पट्ट्याने बांधलेला होता. मिस्सा झाल्यावर तिचा मुलगा गाडीपाशी आला, बराच वेळ पंपाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "फादर, हा कितीला पडला?" आम्ही पाचशेच्या आत असे सांगितले. वस्तीवर तेव्हा नऊ मोटारसायकली होत्या आणि पंप एकही नव्हता. आम्ही तो पट्टा सोडला आणि पंप त्याच्या ओटीवर ठेवला. परतीच्या वाटेत टायर बसला असता तर काय केले असते, हा विचार जांबोटीस पोहोचेपर्यंत सुचला नाही. आता त्या घराच्या दाराआड तो उभा असतो आणि कोणाची गाडी बसली की मुले तो घेऊन धावतात. नळीचे तोंड गेल्या महिन्यात कोणीतरी हरविले, ते या आठवड्यात पाठवावयाचे आहे.